मालक बदलला, भरपाई कुणाकडे मागायची?

कामगार तोच, काम तेच, पण मालक दुसरा झाला तर भरपाई मिळते का? भारतात या प्रश्नाचा कस लागला तो बार्शी लाइट रेल्वेच्या खटल्यात. १ जानेवारी १९५४ रोजी सरकारने ही खासगी रेल्वे ताब्यात घेतली. कंपनीने त्याआधी नोटिसा देऊन सर्वांची सेवा संपवली होती; त्यांतल्या बहुतेकांना सरकारने पुन्हा कामावर घेतले. कामगारांनी कंपनीकडे भरपाई मागितली. सर्वोच्च न्यायालयाने २७ नोव्हेंबर १९५६ रोजी ती नाकारली. न्यायालयाच्या मते चालू धंद्यातले जादा कामगार कमी केले तरच ती कपात ठरत होती, आणि इथे तर कंपनीचा धंदाच संपला होता.

निकाल कायद्याच्या शब्दाला धरून होता, पण कामगाराचे हात रिकामे राहिले. संसदेने १९५७ मध्ये औद्योगिक विवाद कायदा दुरुस्त केला आणि ती दुरुस्ती थेट निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून लागू केली. आस्थापना दुसऱ्याकडे गेली, की किमान वर्षभर सलग सेवा झालेल्या कामगाराला जुन्या मालकाने महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि दर वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन द्यायचे. यातून सुटका एकाच वाटेने होते: सेवेत खंड नको, अटी पूर्वीपेक्षा उण्या नकोत, आणि पुढे कधी कपात झाली तर जुनी सेवा धरून भरपाई देण्याचे बंधन नव्या मालकावर हवे. खरे मोल या तिसऱ्या अटीचे, आणि तिच्याकडेच सहसा कुणी पाहत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही हे सूत्र कायम आहे.

आउटसोर्सिंगचे गणित वेगळे. कॅन्टीन किंवा सुरक्षेचे काम कंत्राटदाराला दिले, तर आस्थापना जुन्याच मालकाची राहते. जाते ते फक्त काम. अशा वेळी माणसे कमी करणे ही सरळ कपात, आणि तिची भरपाई त्याच मालकाने द्यायची. ती चुकवण्यासाठी राजीनामा लिहून घेऊन कंत्राटदाराकडे पाठवण्याची पळवाट काढली जाते. स्वेच्छेचा राजीनामा ही कपात नव्हे, त्यामुळे भरपाई बुडते आणि नव्या नोकरीत सेवा शून्यापासून मोजली जाते. संमतीशिवाय कामगाराला दुसऱ्या मालकाकडे ढकलता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येही सांगितले आहे.

म्हणून जुनी सेवा नव्या नेमणूकपत्रात लेखी आल्याशिवाय कामगाराने राजीनाम्यावर सही करू नये.