घोड्याच्या पावतीआधी गाडी तपासा

दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते. परराज्यांतून मारवाडी, काठियावाडी घोडे येतात, लाखांचे सौदे होतात. घेणारा दात पाहतो, भोवरे पाहतो, चार वेळा चाल करवून घेतो. पण तोच घोडा ज्या गाडीतून घरी जाणार, तिच्याकडे बघायला कुणाला सवड नसते. भाजी किंवा सिमेंट वाहणारी पिकअप, गुळगुळीत पत्र्याचा हौदा, कमरेएवढा फाळका आणि मान वर ताणून आवळलेला घोडा, हे चित्र सर्रास दिसते.

नियम नाहीत असे नाही. १९७८ च्या प्राणी वाहतूक नियमांनुसार हौद्याचा तळ न घसरणारा हवा, दोन घोड्यांमध्ये किमान ८ सेंमी जाडीचा बांबू आणि मागे दोन भक्कम आडवे दांडे हवेत, सोबत माणूस हवा आणि वेग ताशी ३५ किमीच्या आत हवा. १ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या मोटार वाहन नियम १२५-ई प्रमाणे गाडीत कायमचे कप्पे आणि प्रत्येक घोड्यासाठी सव्वादोन चौरस मीटर जागा बंधनकारक आहे.

यातली एकही अट उगाच घातलेली नाही. तीन-साडेतीनशे किलोचे जनावर चालत्या गाडीत फक्त पायांवर तोल सांभाळते. जोरात ब्रेक लागला किंवा वळण झपकन घेतले की पत्र्यावर खूर सरकतो, आणि पडलेला घोडा अरुंद हौद्यात उठू शकत नाही. मान खाली घालता आली नाही तर श्वासनलिकेतली घाण बाहेर पडत नाही. लांबच्या प्रवासानंतर घोड्याला न्यूमोनिया होतो, त्याचे हे एक मोठे कारण. म्हणून वाटेत थांबून पाणी पाजणे आणि दोर सैल करणे गरजेचे असते.

ज्यांच्याकडे घोड्यांची खास गाडी किंवा ट्रेलर आहे, त्यांनीही निर्धास्त राहू नये. घोड्याच्या मुताने रबरी चटईखालच्या फळ्या कुजतात आणि वरून काही कळत नाही. चटई उचलून पेचकसाने फळ्या टोचून पाहाव्यात. महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या ट्रेलरच्या टायरची नक्षी शाबूत असते, पण बाजूला भेगा पडलेल्या असतात. रॅम्पच्या बिजागऱ्या, जोडणीची कडी, तिची साखळी, मागचे दिवे हे सारे घोडा चढवण्याआधी पाहायचे असते. चढवताना आधी मागचा दांडा लावावा, मग घोडा बांधावा. उतरवताना आधी दोर सोडावा, मग दांडा काढावा. हा क्रम चुकला तर बांधलेला घोडा मागे रेटा देतो आणि स्वतःसह मोतद्दारालाही जखमी करतो.

गरीब घोडेवाल्याला हे परवडणार कसे, असे कुणी विचारील. लग्नाच्या वरातीवर पोट असणाऱ्याला खास गाडी परवडत नाही, हे खरेच. पण रबरी चटई, चार बांबू आणि जाड गोणपाट यांचा खर्च घोड्याच्या किमतीपुढे किरकोळ आहे. शिवाय एका दिशेला जाणाऱ्या तिघा-चौघांनी मिळून नीट कप्प्यांची एक गाडी ठरवली, तर भाडेही वाटले जाईल. घोड्याचा पाय मोडला, तर मात्र त्या गरिबाचे सगळे भांडवलच जाते.

म्हणून मागणी अशी, की यात्रेच्या ठिकाणीच परिवहन आणि पशुसंवर्धन विभागाने संयुक्त तपासणी केंद्र उघडावे. तळ, कप्पे, फाळका, टायर आणि दिवे पाहिल्याखेरीज भरलेली गाडी बाहेर सोडू नये. आयोजकांनी चटया आणि बांबू भाड्याने मिळतील अशी सोय करावी आणि अकलूजच्या घोडेबाजारातही हीच पद्धत लावावी. महामार्गावर गाडी अडवून दंड केला, तरी घोड्याला उतरवायला तिथे जागा नसते. तपासणीचा उपयोग गाडी निघण्याआधीच आहे.

— एक अश्वपालक, शहादा