मुलांचे धावण्याचे बूट : किंमत नव्हे, पाय पाहा

मागच्या आठवड्यात आरमोरीचे एक गृहस्थ आपल्या तेरा वर्षांच्या मुलीला घेऊन दवाखान्यात आले. मुलगी शाळेतर्फे धावण्याच्या स्पर्धेत उतरते. महिनाभरापासून तिची टाच दुखत होती आणि धावून आली की ती लंगडत होती. वडिलांनी पिशवीतून बूट काढून टेबलावर ठेवले. "नागपूरहून आणले, डॉक्टरसाहेब. वाढता पाय आहे जी, म्हणून दोन नंबर मोठेच घेतले. तरी दुखते म्हणते. आता धावणं बंद करून टाकू का?"

मी मुलीला बूट घालून चालायला सांगितले. प्रत्येक पावलाला टाच बुटातून वर येत होती आणि पाय पुढे घसरू नये म्हणून ती बोटे आवळून धरत होती. चांगला महागाचा बूट, पण त्या पायाचा नव्हेच!

या वयातील टाचदुखीचे कारण पालकांनी समजून घेतले पाहिजे. टाचेच्या हाडाचा मागचा भाग साधारण चौदा-पंधरा वर्षांपर्यंत मुख्य हाडाशी पूर्ण जुळलेला नसतो. मध्ये मऊ कूर्चेचा थर असतो आणि पोटरीचे स्नायू नेमकी तिथेच ओढ देतात. उंची झपाट्याने वाढत असताना सराव वाढला, की हा भाग दुखू लागतो. गुडघ्याच्या खाली, नडगीच्या वरच्या टोकाशीही असेच दुखते. हा कायमचा आजार नव्हे. काही आठवडे धावणे कमी करावे, पोटरीला ताण देण्याचे व्यायाम करावेत, टाचेखाली मऊ गादी असलेला बूट घालावा, एवढ्याने बहुतेक मुले बरी होतात. म्हणून त्या वडिलांना मी सांगितले, धावणे बंद करू नका, कमी करा. आणि बूट बदला.

आता बुटांविषयी. दुकानदार 'सपोर्ट'चे बूट म्हणून जास्त किंमत सांगतात आणि तळवा सपाट असेल तर अमुकच बूट हवा असे बजावतात. अमेरिकेच्या लष्करात, हवाई दलात आणि मरीन दलात नव्या भरतीच्या जवानांना तळव्याच्या कमानीप्रमाणे बूट देऊन पाहण्यात आले. त्याचे निष्कर्ष २००९ व २०१० साली प्रसिद्ध झाले. अशा निवडीने दुखापतींत विशेष फरक पडला नाही. हे जवान प्रौढ होते, हे खरे; पण माझ्या मते, मुलांसाठीही 'सपोर्ट' या शब्दासाठी जास्त पैसे मोजण्याचे कारण नाही. पायाला नीट बसणारा बूट हाच खरा आधार.

१९६० साली रोमच्या ऑलिंपिकमध्ये इथिओपियाचे अबेबे बिकिला मॅरेथॉन अनवाणी धावले आणि जिंकले. मिळालेले बूट पायाला नीट बसत नव्हते, म्हणून त्यांनी ते घातलेच नाहीत. १९६४ साली टोकियोत त्यांनी बूट घालून पुन्हा सुवर्णपदक मिळवले. आपल्या नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनीही सुरुवात अनवाणीच केली आणि २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक जिंकले. याचा अर्थ मुलांना अनवाणी पळवावे असा नव्हे. आपल्याकडे काटे, काचा आणि साप आहेत. शिवाय ओल्या, घाण मातीतून अंकुशकृमी तळव्यावाटे शरीरात शिरतात आणि रक्त कमी करतात. स्वच्छ मैदानावर थोडा वेळ अनवाणी धावणे वेगळे आणि नाइलाजाने रोज अनवाणी धावणे वेगळे.

मग बूट कसा निवडावा? मुलाला सोबत न्या. नुसता नंबर सांगून बूट आणू नका. संध्याकाळी जा, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. धावताना जे मोजे घालायचे तेच घालून, दोन्ही पायांत बूट घालून, उभे राहून पाहा. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा असावी; त्याहून जास्त नको. बोटे मोकळी हलावीत, टाच मात्र हलू नये. बूट हातात धरून वाकवला तर तो चवड्याच्या जागी वाकावा, मधोमध नव्हे. मग दुकानाबाहेर चार पावले धावायला सांगा. 'घालून घालून सैल होईल' यावर विश्वास ठेवू नका. थोरल्या भावाचे झिजलेले बूट धाकट्याला देऊ नका. ते थोरल्याच्या पायाप्रमाणे दबलेले असतात. दर तीन महिन्यांनी पुढची जागा तपासा. साधारण पाचशे ते आठशे किलोमीटर धावल्यावर बुटाची गादी दबते. पावसात भिजले तर चुलीजवळ किंवा उन्हात तापवू नका; वाचून झालेला हाच पेपर आत कोंबून सावलीत वाळवा.

मात्र सारा दोष बुटावर ढकलू नका. पोलीस भरतीची तयारी करणारी तरुण पोरे पहाटे डांबरी रस्त्याने धावतात आणि शाळकरी मुले त्यांच्यामागे तेवढेच धावू पाहतात. अंधारातील ट्रकचा धोका वेगळाच. मुलांना मातीच्या मैदानावर धावू द्या, अंतर हळूहळू वाढवा आणि आठवड्यात एक-दोन दिवस विश्रांती द्या. रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, सूज किंवा ताप असेल तर बूट बदलत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. आपल्या जिल्ह्यात सिकलसेल आहे. मुलाची तपासणी झाली नसेल तर ती करून घ्या.

शेवटी एक मनातले. टाच दुखली की मुलाला आपण 'आराम कर' म्हणतो आणि मुलीला 'आता पुरे झाले' म्हणतो. त्या मुलीने माझ्याकडे एकच प्रश्न विचारला : "स्पर्धेपर्यंत बरी होईन ना?" तिला मी म्हटले, या स्पर्धेचे सांगता येत नाही, पण पुढच्या वर्षी नक्की धावशील. तिचे वडील तेच बूट बदलून आणायला तयार झाले. तेवढे प्रत्येक पालकाने करावे.