पुण्याची सायकल कुणी हिरावली?

पुणे हे एके काळी सायकलींचे शहर होते, हे वाक्य आता इतके गुळगुळीत झाले आहे की त्यातला आरोप कुणालाच ऐकू येत नाही. माणसे सुखवस्तू झाली म्हणून सायकल गेली, असे सांगितले जाते. जणू बालपण सरावे तशी ती आपोआप सरली. हे स्पष्टीकरण सर्वांच्या सोयीचे आहे, कारण त्यात कुणीच जबाबदार ठरत नाही. आजचा धागा त्या सोयीविरुद्ध.

साठच्या दशकात खडकीच्या दारूगोळा कारखान्याची पाळी सुटली की रस्ता सायकलींनी भरून जाई. प्राध्यापक, वकील, कारकून, महाविद्यालयीन मुली, सगळे सायकलवर. पेठापेठांत तासावर सायकल भाड्याने देणारी दुकाने. शासनाला ही सायकल चांगलीच ठाऊक होती: तिला कर होता, बिल्ला होता, रात्री दिवा नसला किंवा डबलसीट सापडले तर दंड होता. कर आणि दंड घेणाऱ्या व्यवस्थेने तिला एकच गोष्ट दिली नाही, ती म्हणजे जागा.

आणि जागा द्यावी हे कुणाला सुचले नव्हते, असेही नाही. इंडियन रोड्स काँग्रेसने १९६२ मध्येच सायकलमार्गांचे मानक प्रसिद्ध केले. गर्दीच्या तासाला रस्त्यावरून दोनशेहून अधिक मोटारवाहने जात असतील, तर तेथे सायकली शंभरच असल्या तरी स्वतंत्र मार्ग समर्थनीय ठरतो, असे त्यात म्हटले होते. आज तासाला केवळ दोनशे वाहने जाणारा एखादा प्रमुख रस्ता पुण्यात शोधून दाखवावा! म्हणजे साठ वर्षांपूर्वीच्या देशी मापानेसुद्धा शहरातला प्रत्येक मोठा रस्ता सायकलमार्गास पात्र आहे. मानक कपाटात राहिले, रस्ते रुंद होत गेले.

१९७२ मध्ये आकुर्डीहून चेतक आली; त्याच वर्षी कायनेटिकची लुनाही. स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून थांबणाऱ्या कुटुंबाला दोष देण्याचे काही कारण नाही. दोष आहे तो त्या स्कूटरसाठी रस्ता रुंद करताना दरवेळी पदपथच कापायला घेणाऱ्या नियोजनाचा.

‘समृद्धीबरोबर सायकल जातेच’ असे म्हणणाऱ्यांनी नेदरलँड्सचा इतिहास पाहावा. पन्नास-साठच्या दशकांत तेथेही मोटारी वाढल्या आणि सायकलींची संख्या झपाट्याने घसरली. १९७१ साली त्या चिमुकल्या देशात रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. तेव्हा पालक रस्त्यावर उतरले. त्यांच्या चळवळीचे नावच ‘बालहत्या थांबवा’ असे होते. १९७३ च्या तेलसंकटाने सरकारलाही जाग आणली. डच माणूस सायकलवर जन्माला येत नाही. त्याची सायकल भांडून परत मिळवलेली आहे.

पण या इतिहासाचा खरा उपयोग पुढच्या भागात आहे, आणि तोच आपल्याकडे कुणी सांगत नाही. सत्तरच्या दशकात डच सरकारने टिलबर्ग आणि हेग येथे प्रत्येकी एक उत्तम, देखणा सायकलमार्ग बांधून पाहिला. त्या मार्गांवर सायकली वाढल्या. शहरात मात्र अपेक्षेइतक्या वाढल्या नाहीत. यावरून धडा घेतला गेला तो डेल्फ्टमध्ये. १९७९ मध्ये त्या शहराने एक मार्ग नव्हे, तर संपूर्ण जाळे मंजूर केले. शहरभर जाणाऱ्या मार्गांमध्ये सुमारे पाचशे मीटरचे अंतर, त्याखाली विभागांचे मार्ग दोनशे ते तीनशे मीटरवर, आणि त्याखाली गल्लीबोळांचे, शंभर-दीडशे मीटरवर. जिथे जाळे तुटत होते तिथे पूल आणि बोगदे बांधले. पैसा सर्वाधिक लागला तो या तुटलेल्या जागा सांधण्यासाठीच, आणि तो सत्कारणी लागला.

आता पुण्याकडे या. २००६ च्या अखेरीस बीआरटी आली, तिच्या कडेने सायकलमार्ग आले. ते बसथांब्यापाशी संपत, डीपीच्या खोक्याला धडकत, चौकात तर लुप्तच होत. आणि चौक ही सायकलस्वाराच्या जिवावर बेतणारी नेमकी जागा. डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्यात आठशे किलोमीटरांहून अधिक मार्ग रेखाटलेले आहेत. आराखडा वाईट नव्हता. पण प्रत्यक्षात आले ते पुन्हा तुकडेच: इथे अर्धा किलोमीटर, तिथे एक, मध्ये उड्डाणपुलाचा उतार. त्याच सुमारास भाड्याच्या रंगीत सायकलीही आल्या आणि थोड्याच काळात अदृश्य झाल्या. मग निष्कर्ष काढण्यात आला की पुणेकरांना सायकल नकोच आहे. जलवाहिनीचे सुटे नळ ठिकठिकाणी पुरायचे आणि ‘लोकांना पाणी नको आहे’ असे म्हणायचे, त्यातलाच हा प्रकार.

डेल्फ्ट लहान आहे, पुणे अवाढव्य, हा आक्षेप हमखास येतो. जाळ्याचा डोळा मीटरमध्ये मोजतात. शहर मोठे असेल तर डोळे अधिक लागतील, डोळा मोठा होत नाही. ऊन-पावसाचा आक्षेप तर हास्यास्पदच आहे. पुण्याचा आषाढ १९६५ मध्येही होता.

पायी चालणाऱ्याची कथा याहून वाईट, कारण त्याची आठवणसुद्धा कुणी काढत नाही. केंद्र सरकारच्याच आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. पुण्याने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले. जंगली महाराज रस्त्याचा पदपथ रुंद झाला, आणि लोक तिथे खरोखर चालू लागले, बसू लागले. डिसेंबर २०२१ मध्ये लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिनही साजरा झाला. एक दिवस! मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनाअडथळा पदपथ हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ खालील जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. तरी पदपथ ‘मोकळा करणे’ म्हणजे फेरीवाल्याची हातगाडी उचलणे, एवढाच अर्थ आपल्याकडे रूढ आहे. त्याच पदपथावर चढवलेल्या दुचाकी, महावितरणची खोकी आणि दर वीस पावलांवर पार्किंगच्या फाटकासाठी उतरवलेली कड यांना अतिक्रमण म्हणण्याची प्रथा नाही.

पुढच्या अर्थसंकल्पात ‘सायकल ट्रॅक’ या नावाने पुन्हा काही कोटी दिसतील. त्या दिवशी आपल्या नगरसेवकाला किलोमीटर विचारू नका. नकाशा मागा, आणि त्यावर आपल्या घरापासून मुलांच्या शाळेपर्यंत बोट न उचलता जाता येते का, ते पाहा.