आजारी प्रवाशाला प्रवासवर्णनात जागा का नाही?

मराठी प्रवासवर्णनातला प्रवासी सहसा आजारी पडत नाही. पडलाच तर एका परिच्छेदापुरता, आणि तोही वाचकाला हसवण्यासाठी. परक्या मुलखातले अन्न, बिघडलेले पोट आणि स्वच्छतागृहाचा शोध ही तर विनोदाची हुकमी सामग्री. पुढच्या पानावर गृहस्थ ताजेतवाने होऊन एखाद्या राजवाड्यासमोर उभे! अलीकडे सायकलवरून परदेश पालथा घालणाऱ्यांच्या लेखनाने यात आणखी एका साच्याची भर घातली आहे. तिथे आजार येतो तो केवळ हरण्यासाठी: अंगात ताप होता, पण पॅडल थांबले नाही! हे दोन्ही साचे खोटे आहेत आणि दुसरा तर घातकही आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. तापात श्रम करू नयेत, विषाणुजन्य आजारात हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा धोका असतो, असे डॉक्टर सांगतात. आमचे प्रवासलेखक मात्र त्याच श्रमांना जिद्द म्हणून मिरवतात.

गंमत अशी की, देहाच्या या कटकटीची दखल सरकारी कचेऱ्या घेतात, साहित्य घेत नाही. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा दाखवावा लागतो. म्हणजे प्रवासी आजारी पडू शकतो, हे व्हिसाच्या अर्जाला ठाऊक आहे; आमच्या प्रवासवर्णनाला नाही.

आमच्यापैकी एकीचा अनुभव इथे सांगणे भाग आहे. डॅन्यूबच्या काठाने पासाऊ ते व्हिएन्ना हा तीनशेहून अधिक किलोमीटरांचा सायकलप्रवास ठरला होता. बाकीची मंडळी सोमवारी पोहोचणार होती. ही शुक्रवारीच एकटी पासाऊला उतरली. डॅन्यूब, इन आणि इल्झ या तीन नद्यांचा संगम निवांत पाहावा, एवढाच हेतू. शनिवारी रात्री ताप, उमासे, पोटात मुरडा. दुसऱ्या दिवशी रविवार. जर्मनीत रविवारी औषधाची दुकाने बंद असतात. आळीपाळीने एखादेच उघडे असते, आणि ते कुठे आहे हे शोधण्याइतके त्राण हिच्या अंगात नव्हते. अखेर घरमालकिणीने ११६११७ हा रात्री-सुट्टीच्या डॉक्टरांचा क्रमांक फिरवून दिला आणि दाराशी पाण्याचा तांब्या ठेवला. मधल्या काळात घरून फोन आला, तेव्हा ही म्हणाली, "सगळं छान आहे, आई. नदी फार सुंदर आहे." सोमवारी मंडळी आली, मंगळवारी निघाली. ही तीन दिवसांनी आगगाडीने लिंट्सला जाऊन त्यांना मिळाली.

पुढे एका संपादकांनी लेख मागवला. लेख वाचून त्यांनी निरोप दिला: पासाऊचा भाग काढा, खरा प्रवास लिंट्सपासून सुरू होतो.

आमचा वाद या वाक्याशी आहे. जिथे चाक फिरते तिथेच प्रवास, हे ठरवले कुणी? अनोळखी खोलीत पडून राहणे, आपल्या अंगाचे काय होते आहे हे परक्या भाषेत सांगता न येणे, घरच्यांशी खोटे बोलणे, ज्यांच्यासाठी आलो ते आपल्याला मागे ठेवून निघून जाणे; परदेश म्हणजे काय हे याहून नेमके कुठे कळते?

व्हर्जिनिया वुल्फने १९२६ साली आजारपणावर एक निबंध लिहिला. आजार हा प्रेम किंवा युद्ध यांच्यासारखा साहित्याचा मोठा विषय का झाला नाही, असे तिने त्यात विचारले आणि हुडहुडीसाठी, डोकेदुखीसाठी इंग्रजीत शब्दच नाहीत अशी तक्रार केली. मराठीला तरी ही सबब नाही. कणकण, कसर, हुडहुडी, ठणका, कळ, मुरडा, ग्लानी, अंग मोडून येणे, तोंडाची चव जाणे: आमच्या आज्यांनी हा सगळा कोश तयार करून ठेवला आहे. पासाऊच्या डॉक्टरला 'कणकण' कशी सांगावी, हा खराखुरा भाषिक प्रश्न होता. असे प्रश्न ज्या गद्यात येऊ शकतात, ते गद्य राजवाड्यांच्या पायऱ्या मोजत बसते.

कुणी म्हणेल, वाचकाला उलट्यांची वर्णने कशाला? उत्तर सोपे आहे. डर्व्हला मर्फी १९६३ साली आयर्लंडहून सायकलने एकटी भारतात आली. वाटेत अफगाणिस्तानात बसमधल्या झटापटीत बंदुकीच्या दस्त्याने तिच्या बरगड्या मोडल्या. १९६५ सालच्या आपल्या पुस्तकात तिने ते लपवले नाही, आणि म्हणून पुस्तक कुणी मिटून ठेवले नाही. आपल्याकडेही गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास'मध्ये झाशीची लूट आणि जिवाची भीती उघड्यावर आहे. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला गेल्या आणि १८८७ साली क्षयाने गेल्या. त्यांच्या प्रवासातून त्यांचे आजारपण वगळून दाखवावे, मग हाती काय उरते ते पाहावे.

दुसरा आक्षेप असा की, हे आत्मकरुणेला आमंत्रण आहे. आत्मकरुणा हा लेखनाचा दोष आहे, विषयाचा नव्हे. वाईट प्रेमकविता पुष्कळ आहेत म्हणून प्रेम हा विषय कुणी बाद केलेला नाही.

आमच्या वर्गांतल्या मुली आता एकट्या प्रवासाला निघतात. त्या जे वाचतात त्यात न थकणारे, न आजारणारे प्रवासीच भेटत असतील, तर आपला ताप ही त्यांना नामुष्की वाटेल आणि त्या फोनवर "सगळं छान आहे" हेच म्हणत राहतील. तेव्हा प्रवासवर्णन शिकवणाऱ्या सहकाऱ्यांना आमचे एवढेच सांगणे आहे: सौंदर्यस्थळांची यादी काढून झाली की वर्गाला विचारा, हा लेखक कुठेतरी आजारी पडला असेलच, तेव्हा त्याला पाणी कुणी दिले? आणि त्या माणसाचे नाव पुस्तकात का नाही?