दुकानाची पाटी, चालणाऱ्याची वाट

देवळीच्या बाजारात सकाळी शटर वर जाण्याचा खडखडाट सुरू झाला की पाठोपाठ दुसरा एक आवाज येतो. लोखंडी चौकट फरशीवरून ओढत नेल्याचा. झेरॉक्सवाला आपली पाटी बाहेर काढतो, बी-बियाण्यांचा दुकानदार काढतो, रसवंतीवाला, मोबाईल दुरुस्तीवाला आणि शिकवणी वर्गाचा चालकही काढतो. हंगामात कापसाचा भाव खडूने लिहिलेला फळाही त्यांत येऊन उभा राहतो. नालीवरची फरशी हीच काय ती पायी चालणाऱ्याची जागा. अर्ध्या तासात ती पाट्यांनी भरते आणि माणसे निमूटपणे डांबरावर उतरतात.

दोन फूट रुंद, तीन फूट उंच अशा या पाटीवर रविवारची जागा खर्च करावी का, असे वाचकांना वाटेल. जाहिरातफलक म्हटले की आपल्याला १३ मे २०२४ चे घाटकोपर आठवते. चाळीस फुटांची मर्यादा असताना एकशेवीस फुटांचा फलक उभा राहिला आणि वादळात पेट्रोल पंपावर कोसळून सतरा माणसे गेली. त्याआधी ऑक्टोबर २०१८ मध्ये पुण्यात असाच सांगाडा पडून चौघांचा बळी गेला होता. मोठा फलक पडला की सरकार जागे होते, पंचनामे होतात, समित्या नेमल्या जातात. लहान पाटी कोणाचा जीव घेत नाही. ती फक्त चालणाऱ्याला रस्त्यावर ढकलते. पुढचे काम ट्रक करतो आणि अपघाताच्या नोंदीत पाटीचे नाव येत नाही.

गेल्या पावसाळ्यात माझ्या ओळखीचे एक निवृत्त शिक्षक अशाच एका पाटीच्या फाकलेल्या पायात अडकून पडले. दृष्टी अधू, हातात काठी. काठी पाटीच्या दोन पायांमधून आरपार गेली आणि समोर वाट मोकळी आहे असा त्यांचा समज झाला. त्यांना उचलायला सर्वांत आधी धावला तो त्या पाटीचाच मालक. पुढे मी त्याच्याशी बोललो तेव्हा तो म्हणाला, ‘‘पाटी आत ठेवली तं गिऱ्हाईक सरळ निघून जाते जी. शेजारच्यानं काढली, म्हणून मलेबी काढा लागली.’’

या एका वाक्यात सगळे अर्थशास्त्र आहे. दुकानाच्या माथ्यावरचा फलक समोरून दिसतो. रस्त्याने जाणाऱ्याला दिसते ती आडवी उभी केलेली पाटी. पूर्वी पेंटरकडून रंगवून घेतलेली पाटी महाग असे, म्हणून जपून वापरली जाई. फ्लेक्सने ती स्वस्त केली. वर्धा-यवतमाळ रस्त्यावरची रहदारी वाढली, फेब्रुवारी २०२४ मध्ये वर्धा-कळंब रेल्वेमार्ग सुरू झाला. परका माणूस गावात येतो म्हटल्यावर त्याला थांबवण्याची चढाओढ लागणारच. परंतु एकाने पाटी मांडली तर तिचा लाभ; दहांनी मांडल्या की कोणाचीच दिसत नाही आणि कोणाला ती आत घेण्याची हिंमतही होत नाही. अशा वेळी नियम दुकानदाराच्या विरोधात नसतो, तो त्याची या चढाओढीतून सुटका करतो.

मग कायदा नाही का? कायद्यांची तर रेलचेल आहे. रस्त्यात अडथळा करणे हा मुंबई पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम १०२ खाली गुन्हा आहे. आज तो कायदा महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणून ओळखला जातो. भारतीय दंड संहितेत सार्वजनिक वाटेतील अडथळ्याला दोनशे रुपये दंड होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने कलम २८५ मध्ये तो पाच हजारांपर्यंत नेला. मालमत्तेच्या विद्रूपणाला आळा घालणारा राज्याचा कायदा १९९५ चा. राष्ट्रीय महामार्गाच्या जमिनीवरील अतिक्रमण हटवण्यासाठी २००२ चा केंद्रीय कायदा आहे. महानगरपालिकांसाठी राज्याने २०२२ मध्ये जाहिरातफलकांचे नवे नियम केले. मात्र देवळीसारख्या गावाचा कारभार चालतो तो १९६५ च्या नगर परिषद अधिनियमावर. त्यात रस्त्यावरील अडथळे हटवण्याचा अधिकार आहे आणि उपविधी करण्याचाही. जाहिरातीवरील कर बसवण्याची राज्यसूचीतील तरतूद १०१ व्या घटनादुरुस्तीने वगळली. म्हणजे कर गेला; नियमनाचे कर्तव्य गेले नाही.

या सर्व कायद्यांना अडथळा हटवता येतो. परंतु कोणती पाटी अडथळा आणि कोणती नाही, हे दुकानदाराला आधी कळेल असे साध्या भाषेत सांगणारा कागद गावोगावी हवा, आणि तो त्याच्या हाती पडायला हवा. तो नसला की दोनच गोष्टी उरतात: वर्षभर दुर्लक्ष आणि एखाद्या दिवशी ट्रॅक्टर आणून सरसकट जप्ती. जप्तीनंतर आठवड्याने पाट्या परत जागेवर. यालाच आपण ‘मोहीम’ म्हणतो.

आणखी एक विसंगती पाहा. पदपथ चालणाऱ्यांसाठी आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ च्या ओल्गा टेलिस खटल्यात सांगितले. १९८९ च्या सोदन सिंग खटल्यात फेरीवाल्याचा व्यवसायाचा हक्क मान्य झाला, पण तो वाजवी बंधनांसह. २०१४ च्या कायद्याने त्याला प्रमाणपत्र, ठरलेली जागा आणि शहर विक्रेता समिती दिली. म्हणजे टोपली घेऊन बसणाऱ्या बाईने परवाना दाखवायचा. आणि पक्क्या दुकानाच्या मालकाने मात्र आपला गाळा रोज दोन फुटांनी रस्त्यात सरकवायचा!

१४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अडथळामुक्त पदपथ हा घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि अपंगांना तो वापरता आला पाहिजे, असे बजावले. स्कॉटलंडमधील एडिनबरा शहराने नोव्हेंबर २०१८ पासून पदपथावरील अशा उभ्या पाट्यांवर सरसकट बंदी घातली. तिथेही अंध आणि चाकाच्या खुर्चीवरील माणसांची अडचण पुढे होती, तिथेही लहान दुकानदार कुरकुरले. आपण त्या टोकाला जावे असे मी म्हणणार नाही. आपल्याकडे गल्लीच्या आतल्या दुकानाला पाटीशिवाय तोंड नाही.

पण मोजमाप तरी असावे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेत पदपथाची किमान मोकळी रुंदी १.८ मीटर, म्हणजे सुमारे सहा फूट, सांगितली आहे. तेवढी जागा चालण्यासाठी सोडून उरेल तिथेच, आपल्याच पायरीला लागून, एका दुकानाची एकच पाटी असावी. जिथे सहा फूट उरत नाहीत तिथे पाटी भिंतीवर जावी. वळणावर, बसथांब्यापाशी, शाळेच्या फाटकासमोर मुळीच नको. काठीला तळाशी आडवी पट्टी लागेल आणि वैशाखातल्या वावटळीत उडणार नाही, अशी तिची घडण असावी. पाठीवर नोंदणी क्रमांक. शटर खाली आले की पाटी आत. पहिल्यांदा ताकीद, मग पावती देऊन जप्ती. एवढा नियम एका पानात मावतो.

मात्र त्याची खरी परीक्षा दुकानदारापाशी होणार नाही. ती चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सपाशी होईल. बेकायदा फलक हटवा, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०१७ रोजी सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेत दिला. तरी ‘भावी’ नेत्यांचे चेहरे चौकाचौकांत हसतच आहेत. झेरॉक्सवाल्याची पाटी ट्रॅक्टरमध्ये आणि भाऊंचा फ्लेक्स खांबावर, हे दृश्य एकदा दिसले की नियम त्याच दिवशी मेला म्हणून समजावे. लोकांना नियमाचा तिटकारा नसतो. त्यातल्या पंक्तिप्रपंचाचा असतो.

ते शिक्षक आता पुन्हा हिंडू-फिरू लागले आहेत. बाजारात मात्र ते फरशीवरून चालत नाहीत. ‘‘डांबरावर निदान गाडीचा आवाज तरी येतो,’’ असे म्हणतात. एका अधू डोळ्यांच्या माणसाला पदपथापेक्षा महामार्ग भरवशाचा वाटावा, याहून वेगळा पुरावा कोणत्या नगर परिषदेला हवा?