हक्क हे सद्वर्तनाचं बक्षीस नव्हे

पुण्यातल्या कोरेगाव पार्कचा आश्रम मागे टाकून रजनीश १९८१ च्या जूनमध्ये अमेरिकेला गेले. शिष्यांनी ओरेगन राज्यात चौसष्ट हजार एकरांचं माळरान विकत घेऊन रजनीशपुरम वसवलं आणि पाचेक वर्षांत ते नगर ओस पडलं. 'वाइल्ड वाइल्ड कंट्री' या सहा भागांच्या माहितीपटाने २०१८ साली ही कहाणी जगभर पोचवली. मी अमेरिकेत विद्यार्थी व्हिसावर शिकते. आमच्या वर्गात स्थलांतरितांच्या हक्कांवर चर्चा सुरू असताना या माहितीपटाचा विषय निघाला आणि वर्गात सरळ दोन तट पडले. एक तट म्हणाला, परके होते म्हणून चिरडले गेले. दुसरा म्हणाला, परक्यांना आत घेतलं की हेच होणार. घरी फोनवर बोलले तर तिसराच सूर निघाला: आपण कायदेशीर मार्गाने आलोय, आपला याच्याशी काय संबंध? माझ्या मते तिन्ही म्हणणी चूक आहेत, आणि तिन्हींच्या मुळाशी घोटाळा एकच आहे.

पहिलं म्हणणं अगदीच निराधार नाही. शेजारचं अँटिलोप हे जेमतेम चाळीस-पन्नास वस्तीचं गाव लाल कपड्यांतल्या हजारो माणसांना पाहून बिथरलं. शेतजमिनीच्या वापराच्या कायद्यावरून खटले सुरू झाले. २९ जुलै १९८३ ला पोर्टलंडमधल्या रजनीश हॉटेलात बॉम्बस्फोट झाले. इमिग्रेशन खात्याने धर्मगुरू म्हणून देशात राहू देण्याचा रजनीशांचा अर्ज १९८२ साली फेटाळला, तो प्रकृती बरी नाही आणि सध्या मौनात आहेत, असली कारणं देऊन. आकस होता, हे मान्यच करायला हवं.

पण हीच मंडळी पुढचं पान उलटत नाहीत. त्याच खात्याने १९८४ मध्ये निर्णय बदलला आणि रजनीशांना धर्मगुरू म्हणून मान्यता दिली. म्हणजे दाद मागायचे दरवाजे उघडे होते. ते उघडे असताना रजनीशपुरमने काय केलं? २९ ऑगस्ट १९८४ ला तिथल्या वास्को काउंटीचे आयुक्त पाहणीसाठी तिथे गेले. गाडीचं चाक पंक्चर झालं. ते दुरुस्त होईपर्यंत उन्हात थांबलेल्या या पाहुण्यांना पाणी देण्यात आलं. त्यातल्या दोघांच्या पाण्यात साल्मोनेलाचे जंतू होते. दोघेही आजारी पडले, एकाला रुग्णालयात ठेवावं लागलं. तहानलेल्याला विष घालायचं, याला छळाचा प्रतिकार म्हणत नाहीत.

पुढच्याच महिन्यात त्याच काउंटीतल्या द डॅल्स या गावातल्या दहा रेस्टॉरंटांमध्ये सॅलड बारवर तेच जंतू मिसळले गेले. ७५१ माणसं आजारी पडली. नोव्हेंबरच्या काउंटी निवडणुकीत गावकऱ्यांना मतदानाला बाहेर पडता येऊ नये, या बेताची ती रंगीत तालीम होती. दुसरीकडे देशभरच्या शहरांतून बेघर माणसं घराचं आमिष दाखवून बसगाड्या भरभरून आणली जात होती, अर्थात मतदार म्हणून. त्यांना गप्प ठेवायला बियरमध्ये हॅल्डॉल हे गुंगीचं औषध मिसळलं जाई. राज्याने मतदारनोंदणीला चाप लावला आणि ही माणसं निरुपयोगी ठरली. मग त्यांना आसपासच्या गावांत नेऊन सोडून दिलं, परतीचं तिकीटही हातात न देता. आपल्या हक्कांसाठी कोर्टाची पायरी चढणाऱ्यांनी दुसऱ्याचे हक्क असे पायदळी तुडवले. माहितीपटावर माझा आक्षेप इथेच आहे. रजनीशांची सचिव शीला हिच्या तडफेला आणि सरकारी वकिलांच्या आठवणींना त्यात भरपूर वाव मिळतो. ना वकील ना गुरू पाठीशी असलेली ही बेघर माणसं मात्र कडेलाच राहतात.

राहता राहिली शिक्षा. ऑक्टोबर १९८५ मध्ये रजनीशांना शार्लट विमानतळावर अटक झाली. आरोप ३५ होते. गुन्हा प्रत्यक्ष कबूल न करता शिक्षा मान्य करण्याची अमेरिकी कायद्यात सोय आहे. तिचा आधार घेत त्यांच्या वकिलांनी प्रकरण दोन आरोपांवर मिटवलं. चार लाख डॉलर दंड भरून ते देशाबाहेर पडले. कोठडीत विषप्रयोग झाल्याचा आरोप शिष्य आजही करतात, तो कधी सिद्ध झालेला नाही. उत्तम वकील, वाटाघाट, विमानाने परतीचा प्रवास: चिरडलेला माणूस म्हणतात तो असा नसतो.

आता दुसरा पक्ष. रजनीशपुरमने परदेशी शिष्यांना देशात ठेवण्यासाठी खोटी लग्नं लावली, हे खरं. पण कट करणाऱ्यांच्या याद्या काढून पाहा. त्यांत बडोद्याहून आलेली शीला होती, ऑस्ट्रेलियन होते, ब्रिटिश होते, आणि अमेरिकेत जन्मलेले, चांगले शिकलेलेही होते. रजनीशपुरमचे बहुसंख्य रहिवासी पाश्चात्त्य होते आणि त्यांत अमेरिकनांचा भरणा होता. गुन्ह्याला पासपोर्ट नव्हता. त्याच्या मुळाशी सत्तेची हाव आणि प्रश्न विचारायची बंदी होती, आणि या दोन्ही गोष्टी कुठल्याही देशात पिकतात.

एकाच्या गुन्ह्याचा संशय सगळ्यांवर घेतला की काय होतं, याचा दाखला लांब शोधायला नको. १९८६ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत खोट्या लग्नांना आळा घालणारा कायदा झाला. त्याचं कारण एकटं रजनीशपुरम नव्हतं, पण वारं त्याच दिशेचं होतं. नवविवाहित परदेशी जोडीदाराला आधी दोन वर्षांचा सशर्त परवाना मिळू लागला आणि तो कायम करायला दोघांनी मिळून अर्ज करायचा होता. खोटी लग्नं लावणारे सराईत या चाळणीतून निसटायची वाट काढतातच. अडकल्या त्या खऱ्याखुऱ्या बायका. मारहाण करणाऱ्या नवऱ्याच्या हाती सहीचं हत्यार आलं: बोललीस तर सही करणार नाही, जा परत. १९९० मध्ये सवलत देऊन आणि १९९४ च्या कायद्यात स्वतंत्र अर्जाची तरतूद करून ही चूक निस्तरावी लागली. सरसकट संशयाची किंमत अशी नेहमी दुबळ्यालाच मोजावी लागते.

तिसरा पक्ष आपल्या घरातला, म्हणून त्याला जास्त स्पष्ट उत्तर द्यायला हवं. कागद चोख असले की आपण सुरक्षित, ही समजूत. सखाराम गणेश पंडित हे आपल्या कानाला घरचं वाटणारं नाव. हे गृहस्थ कॅलिफोर्नियात वकिली करत आणि १९१४ पासून रीतसर अमेरिकी नागरिक होते. नागरिकत्व मागणाऱ्या भगतसिंग थिंड यांची बाजू त्यांनी सर्वोच्च न्यायालयात मांडली. १९२३ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने गोरा नाही, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही. लगेच सरकारने आधीच नागरिक झालेल्या भारतीयांवर मोर्चा वळवला. त्यात खुद्द पंडितांचं नागरिकत्व रद्द करण्याचाही खटला होता. या नागरिकत्वाच्या भरवशावर मी आयुष्य उभं केलं, आता ते काढून घेता येणार नाही, असं म्हणत ते लढले आणि जिंकले. बाकी अनेकांनी मात्र ते गमावलं. त्यांचे कागद कालपर्यंत चोखच होते.

शंभर वर्षांपूर्वीचं सोडा. २०२५ च्या वसंतात हजारो परदेशी विद्यार्थ्यांची सेव्हिस ही सरकारी नोंद न सांगता, न विचारता रद्द झाली. त्यातल्या अनेकांवर गुन्हा शाबित झालेला नव्हता. काहींच्या नावावर तर किरकोळ वाहतूक नियमभंगापलीकडे काही नव्हतं. जागोजागचे विद्यार्थी कोर्टात गेले तेव्हा सरकारने नोंदी परत सुरू केल्या. त्यांना वाचवलं ते गुणपत्रिकेने नाही. वाचवलं ते सुनावणीच्या हक्काने.

तिन्ही पक्षांचा घोटाळा आता उघड होतो. पहिल्याला वाटतं, हक्क मागायचा तर माणूस निर्दोष ठरवावा लागेल. दुसऱ्याला वाटतं, माणूस दोषी ठरला की त्याच्या सगळ्या जातभाईंचे हक्क गेले. तिसऱ्याला वाटतं, आपण भले म्हणून आपल्याला हक्क. तिघेही हक्काला सद्वर्तनाचं बक्षीस समजतात. माझं म्हणणं उलट आहे: गुन्हा ज्याचा त्याचा, सुनावणी मात्र प्रत्येकाची. रजनीशपुरमवर खटले भरले ते योग्यच झालं, कारण ते अमुक माणसाच्या अमुक कृत्यावर, पुरावे मांडून भरले. शीलाला तुरुंगात जावं लागलं ते विषप्रयोग आणि खुनाच्या प्रयत्नासाठी, भारतीय असण्यासाठी नव्हे. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व १८८६ सालीच मान्य केलं आहे. सॅन फ्रान्सिस्कोत लाकडी इमारतींतल्या लाँड्र्यांचे परवाने चिनी धोब्यांनाच नाकारले जात. ते नागरिक नव्हते, तरी कायद्याचं समान संरक्षण त्यांनाही आहे, असा निकाल झाला.

आपल्या भारतीय संविधानातही जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क देणारं कलम २१ नागरिकापुरतं नाही. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अरुणाचल प्रदेशातल्या चकमा निर्वासितांच्या प्रकरणात हे बजावलं. तरीही २०२५ च्या जूनमध्ये महाराष्ट्रात मजुरी करणाऱ्या पश्चिम बंगालच्या काही माणसांना बांगलादेशी ठरवून सीमेपार ढकललं गेलं आणि मग ते भारतीयच निघाल्यावर परत आणावं लागलं. न्यू जर्सीत आपल्या भाच्याला सुनावणी मिळावी म्हणून तळमळणाऱ्यांनी ठाण्यातल्या बांधकामावरून उचललेल्या मजुरासाठी तेवढीच तळमळ दाखवली पाहिजे. ती दाखवता येत नसेल, तर आपण हक्क मागत नाही, फक्त आपल्यापुरती सूट मागतो आहोत, हे निदान कबूल करावं.