शब्दांची वही आणि सोयाबीनचा भाव

लातूर आणि नांदेड या दोन शहरांतील अभ्यासिका पहाटे उघडतात आणि रात्री उशिरा मिटतात. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘लातूर पॅटर्न’ने या भागाचे नाव सर्वदूर झाले; परंतु त्याच गल्ल्यांतून लोकसेवा आयोगाच्या आणि बँकांच्या परीक्षांची तयारी करणारा वर्गही मोठा आहे. यांपैकी बहुतेकांचे शिक्षण मराठी माध्यमातून झालेले असते. इंग्रजी सुधारण्याचा जो मार्ग त्यांना दाखविला जातो तो सर्वत्र एकच : इंग्रजी दैनिकाचा अग्रलेख रोज वाचावा, अडलेला शब्द वहीत उतरवावा, समोर मराठी अर्थ लिहून पाठ करावा. २०२५ साली अमेरिकेने आयातशुल्काचे जे सत्र आरंभिले त्याने या वह्यांना एकाच कुळातले शब्द पुरविले. टॅरिफ, लेव्ही, रेसिप्रोकल, एक्झेम्प्शन, ड्यूटी-फ्री, डम्पिंग अशी ती मालिका आहे.

या पद्धतीत गैर काही नाही. गैर आहे ते एवढेच की, व्यापारनीतीतील शब्दाचा अर्धा अर्थ शब्दकोशात असतो आणि उरलेला अर्धा राजपत्रात व बाजार समितीच्या आवारात. ‘टॅरिफ’ हा शब्द या मुलांना वीजबिलावरून ठाऊक असतो. सरकारी परिभाषेत त्याला ‘प्रशुल्क’ म्हणतात, जो कोणताही अडत्या आजवर उच्चारत नाही. मूळ शब्द अरबी आहे, आणि आपली ‘तारीफ’ही त्याच धातूपासून आलेली आहे. ‘रेसिप्रोकल’ची गंमत याहून वेगळी. गणितात त्याला गुणाकार व्यस्त म्हणतात, व्यवहारात परस्पर. २ एप्रिल २०२५ रोजी अमेरिकेने याच नावाने जे शुल्क जाहीर केले त्याचे सूत्र मात्र असे होते : एखाद्या देशाशी असलेली वस्तुव्यापारातील तूट त्या देशाकडून होणाऱ्या आयातीने भागावयाची आणि येईल त्याचे निम्मे करावयाचे. त्या देशाने अमेरिकी मालावर किती शुल्क लावले आहे, हा आकडा सूत्रात कोठेच नव्हता. शब्दाचा पाठ केलेला अर्थ येथे वाचकाची फसवणूकच करतो.

दूरच्या उदाहरणाकडे जाण्याचीही गरज नाही. मे २०२१ मध्ये केंद्र सरकारने तुरीची आयात ‘रिस्ट्रिक्टेड’ वर्गातून काढून ‘फ्री’ वर्गात टाकली. ‘फ्री’ म्हणजे मोफत वा मुक्त, असे वहीत लिहिले जाते. अधिसूचनेत त्याचा अर्थ एवढाच की, आयातदाराला आता कोटा लागणार नाही. शुल्क राहू शकते, आणि ते राहिलेही. तुरीवरील १० टक्के शुल्क मार्च २०२३ मध्ये निघाले. या एका शब्दाने मोझांबिक, टांझानिया, मलावी आणि म्यानमारची तूर उदगीर-लातूरच्या तुरीशेजारी आणून उभी केली. उदगीरच्या डाळ गिरणीवाल्याला याचा अर्थ त्याच दिवशी कळला असेल. शेतकऱ्याला तो कळतो पुढच्या हंगामात, काट्यावर.

सोयाबीनचे प्रकरण अधिक बारकाईने पाहण्यासारखे आहे, कारण लातूर जिल्ह्याचा खरीप त्यावर उभा आहे. १४ सप्टेंबर २०२४ पासून कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरील मूळ सीमाशुल्क शून्यावरून २० टक्के करण्यात आले. बातम्यांत आकडा आला तो २७.५ टक्क्यांचा. हा फरक कोठून आला? २० टक्के मूळ शुल्क, त्यावर कृषी पायाभूत सुविधांचा ५ टक्के उपकर, आणि या २५ वर दहा टक्के समाजकल्याण अधिभार म्हणजे अडीच. ३० मे २०२५ रोजी मूळ शुल्क १० वर आणले गेले. त्याच हिशेबाने एकूण भार १६.५ झाला. ‘ड्यूटी’, ‘सेस’ आणि ‘सरचार्ज’ हे तीन शब्द शब्दकोशात जवळजवळ समानार्थी दिसतात. परंतु सीमाशुल्काच्या उत्पन्नात राज्यांना वाटा मिळतो, उपकर व अधिभार यांच्या उत्पन्नात मिळत नाही. हा भेद ज्याला कळला त्याला संघराज्याच्या अर्थकारणाचे एक प्रकरण कळले.

आता दुसरा प्रश्न. सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क वाढले, त्या वर्षीचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, तरीही त्या हंगामात मराठवाड्याच्या बाजारांत सोयाबीन हमीभावाखालीच विकले गेले. शुल्क वाढले की भाव वाढतो, हे पाठ्यपुस्तकी वाक्य येथे लंगडे पडले. सोयाबीनच्या दाण्यात तेल सुमारे १८ टक्के. उरलेला मोठा हिस्सा पेंडीचा. पेंडीचा भाव जागतिक बाजारावर ठरतो, तो पडलेला होता. शिवाय इथेनॉलच्या कारखान्यांतून निघणारा मका-तांदळाचा चोथा कोंबडीखाद्यात पेंडीची जागा घेऊ लागला होता. तेलावरच्या शुल्काने दाण्याच्या एका लहान भागालाच आधार मिळाला. ‘इम्पोर्ट ड्यूटी हाइक’ हे तीन शब्द पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याने हे कधी विचारले नाही, तर दोष त्याचा नव्हे. त्याला तसे शिकविणाऱ्यांचा आहे.

या बातम्यांची भाषा तटस्थ नसते, ही गोष्टही ध्यानात घेतली पाहिजे. तुरीचा भाव चढला की ते ‘इन्फ्लेशन’ ठरते. तो उतरला की ‘ईझिंग’, ‘सॉफ्टनिंग’, ‘रिलीफ’ असे शब्द येतात, आणि ते सर्व दिलासा देणारे असतात. ज्याच्या घरात तूर पिकते त्याच्या मुलाने आपल्या बापाच्या तोट्याला ‘दिलासा’ हा प्रतिशब्द लिहून पाठ करावा, यासारखी विपरीत गोष्ट दुसरी नाही. अर्थात याची दुसरी बाजू आहे आणि ती झाकून ठेवण्याचे कारण नाही. मराठवाड्यातला भूमिहीन मजूर, उसाच्या फडावर जाणारे कुटुंब, नांदेडच्या वस्त्यांतले हातावर पोट असणारे लोक डाळ आणि तेल विकतच घेतात. महाग तेल त्यांच्या ताटातूनच कमी होते. म्हणून प्रत्येक शुल्कवाढ न्याय्य आणि प्रत्येक कपात अन्याय्य, असे म्हणता येणार नाही. आक्षेप आहे तो निर्णयाच्या वेळेला आणि त्याच्या एकतर्फीपणाला. ग्राहकाचे रक्षण करावयाचे तर स्वस्त धान्य दुकानातून डाळ-तेल देण्याचा मार्ग आहे. त्याचा खर्च तिजोरीला सोसावा लागतो. शुल्ककपातीचा बोजा मात्र शेतकऱ्याच्या माथी जातो आणि अंदाजपत्रकात तो कोठे दिसतही नाही.

कापसाचे उदाहरण ताजे आहे. अमेरिकेने भारतीय मालावरील शुल्क २७ ऑगस्ट २०२५ पासून ५० टक्क्यांवर नेले. त्याच्या आठवडाभर आधी, १९ ऑगस्टपासून, केंद्राने कापसाच्या आयातीवरील ११ टक्के शुल्क ३० सप्टेंबरपर्यंत माफ केले होते. मग ती मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढविली. कापड निर्यातदार अडचणीत होते यात शंका नाही. परंतु किनवट, भोकर, हदगावकडचा कापूस घरी येतो तो याच तीन महिन्यांत. वॉशिंग्टनच्या निर्णयाची भरपाई वेचणीच्या तोंडावर शेतकऱ्याकडून वसूल झाली, आणि तीही ‘एक्स्टेन्शन’ या निरुपद्रवी शब्दाच्या आडून.

निजामी राजवटीत या मुलखाला सीमाशुल्क हा विषय परका नव्हता. हैदराबाद संस्थानाला स्वतःचे जकात खाते होते, त्याला ‘करोडगिरी’ म्हणत, आणि सीमेवरच्या शेतकऱ्या-व्यापाऱ्याला तो शब्द अनुभवाने समजत असे. तिकडे इंग्रजी मुलखात १८९६ साली सरकारने देशी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी बसविली, तेव्हा टिळकांच्या ‘केसरी’ने तो प्रश्न मराठीत मांडला आणि स्वदेशीच्या चळवळीला त्याची जोड दिली. तो कर १९२५ साली गेला. आज सीमाशुल्काच्या अधिसूचना हिंदी आणि इंग्रजीत निघतात. ज्यांच्या पिकाविषयी त्या असतात त्यांच्या भाषेत त्या अधिकृतपणे येत नाहीत, आणि वृत्तपत्रांत येतात तेव्हा हिशेब गाळून येतात.

अर्थशास्त्राचा परिभाषा कोश राज्य शासनाच्या भाषा संचालनालयाने केव्हाच काढलेला आहे. शब्दांची वाण नाही. स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाच्या अर्थशास्त्र विभागाने आणि लातूरच्या महाविद्यालयांनी पिकांशी संबंधित प्रत्येक अधिसूचनेचा सोपा मराठी तर्जुमा हिशेबासह करण्याचे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडे सोपवावे. इंग्रजी शब्द त्यांना असे शिकता येतील की परीक्षेतही विसरणार नाहीत. बाजार समित्यांच्या आवारात दिवसाचे भाव लिहिण्यासाठी फलक असतोच. तूर, सोयाबीन वा कापसावरील शुल्क बदलले, तर त्या दिवशी भावाच्या शेजारी जुना दर, नवा दर आणि मुदतीची तारीख एवढ्या तीन ओळी लिहाव्यात. त्यासाठी बाजार समितीच्या सभापतींना दिल्लीच्या परवानगीची गरज नाही.